रंगीत पट्ट्या आणि अपुरे स्वल्पविराम: वाक्यप्रकार शिकवणाऱ्या एका संचाचे परीक्षण

तिसरी-चौथीच्या मुलांना वाक्यांचे प्रकार आणि स्वल्पविरामाचा वापर शिकवण्यासाठी तयार केलेला एक संच मी गेल्या सत्रात सलग सात आठवडे वर्गात वापरला. खोक्यात ९६ वाक्यपट्ट्या, स्वल्पविरामासाठीच्या १२ लांब पट्ट्या, विरामचिन्हांच्या ६० प्लॅस्टिकच्या सोंगट्या, ४८ पानांची एक स्वाध्यायपुस्तिका आणि शिक्षकांसाठी एक लहानशी मार्गदर्शिका असा सगळा ऐवज आहे. संचाचे व प्रकाशकाचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही. या धर्तीचे साहित्य पुष्कळ निघते, आणि माझे कौतुक काय किंवा तक्रार काय, दोन्ही त्याच्या घडणीबद्दल आहेत. माझे मत आधीच सांगते: पट्ट्या आणि सोंगट्या उत्तम आहेत, पुस्तिका मात्र त्यांच्या कामावर पाणी ओतते. सोंगटी हातात घेतलेल्या मुलाला आधी ठरवावे लागते की आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे. पुस्तिका सोडवणाऱ्या मुलाला फक्त ओळखीचा शब्द शोधावा लागतो.

पट्ट्यांपासून सुरुवात करते. विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी आणि आज्ञार्थी अशा चार प्रकारांच्या प्रत्येकी २४ पट्ट्या आहेत. वाक्याच्या शेवटचे चिन्ह छापलेले नाही, त्या जागी एक रिकामी चौकट आहे, आणि योग्य सोंगटी त्या चौकटीत ठेवायची आहे. कल्पना चांगली आहे. परंतु प्रकाशकाने प्रत्येक प्रकाराला वेगळ्या रंगाची किनार दिली आहे, आणि ती पट्टीच्या पुढच्याच बाजूला आहे. पहिल्या तासाला एका गटाने २४ पट्ट्यांची वर्गवारी तीन मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा मला झालेला आनंद फार टिकला नाही. त्या गटातल्या एका मुलीला मी तिने शेवटी ठेवलेली पट्टी वाचायला सांगितली. तिने पट्टीकडे न बघताच सांगितले, ‘‘बाई, ती गुलाबी आहे. गुलाबी सगळ्या तिकडे.’’ तिचे काहीच चुकले नव्हते. उत्तर रंगात दिसत असताना वाक्य वाचण्याचे कष्ट कोण घेईल? त्या दिवशी घरी जाऊन मी सगळ्या पट्ट्यांच्या किनारी कात्रीने कापून टाकल्या. पुढच्या आवृत्तीत रंग मागच्या बाजूला गेला, तर माझ्यासारख्या अनेकांची एक संध्याकाळ वाचेल.

किनारी कापल्यावर मात्र याच पट्ट्यांनी कमाल केली. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलावीच लागते असे नाही. ‘बाबा आले’ हे दोन शब्द आहेत तसे ठेवून नुसत्या आवाजाच्या चढउताराने बातमी देता येते, विचारता येते आणि आनंदही व्यक्त करता येतो. कागदावर आवाज नसतो, म्हणून ते काम चिन्हाला करावे लागते. मी एकाच पट्टीवर आळीपाळीने पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह ठेवले आणि तीन मुलांना ती पट्टी तीन प्रकारे म्हणायला लावली. नंतर खेळ उलटा केला: एकाने पाठ फिरवून वाक्य म्हणायचे आणि बाकीच्यांनी ऐकून सोंगटी उचलायची. या उलट्या खेळाचा मार्गदर्शिकेत उल्लेख नाही, पण माझ्या मते सगळ्या संचाचे चीज त्यातच होते. एका मुलाने प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह अशा दोन्ही सोंगट्या उचलल्या आणि विचारले की, आश्चर्य वाटूनच विचारले असेल तर काय करायचे. त्याला मी सांगितले की समोरच्याने उत्तर द्यावे अशी तुझी अपेक्षा असेल तर प्रश्नचिन्ह ठेव. थोडा विचार करून त्याने उद्गारचिन्ह परत डब्यात टाकले.

वादग्रस्त पट्ट्याही आहेत, आणि त्या तशा आहेत हे मला आवडले. ‘जरा दार लावतोस का’ या पट्टीच्या मागे ‘प्रश्नार्थी’ असे छापले आहे. अर्ध्या वर्गाचे म्हणणे होते की हे काम सांगणे आहे, म्हणून वाक्य आज्ञार्थी असले पाहिजे. ‘हो, लावतो’ असे म्हणून जागेवर बसून राहणाऱ्या मुलाचे उदाहरण एका मुलीने दिले आणि सगळे हसले. वाक्याचे रूप प्रश्नाचे आहे आणि हेतू विनंतीचा आहे. व्याकरणाच्या वर्गवारीत रूप पाहिले जाते आणि बोलताना हेतू पाहिला जातो. नऊ वर्षांच्या मुलांना हे एवढ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही, पण रूप आणि हेतू वेगळे असू शकतात हे त्यांना त्या दिवशी कळले. आज्ञार्थी म्हणजे केवळ हुकूम नव्हे, विनंती, उपदेश, प्रार्थना आणि आशीर्वादही त्यातच येतात, हे दाखवणाऱ्या ‘सुखी राहा’ आणि ‘कृपया रांगेत उभे राहा’ यांसारख्या पट्ट्याही संचात आहेत. त्या अधिक हव्या होत्या, कारण ‘आज्ञा’ हा शब्द ऐकला की मुलांच्या डोळ्यांपुढे रागावलेले मोठे माणूसच उभे राहते आणि आज्ञार्थी वाक्यापुढे ती बिनदिक्कत उद्गारचिन्ह ठोकतात.

आता पुस्तिकेकडे वळते. तिच्या सहाव्या पानावर एक चौकट आहे: काय, कोण, कधी, कुठे, किती, का हे शब्द ज्या वाक्यात येतात ते वाक्य प्रश्नार्थी असते. मुलांना असा नियम फार आवडतो, कारण त्यात वाक्याचा अर्थ लागला नाही तरी चालते. पण दहाव्या पानावर याच पुस्तिकेत ‘किती उंच आहे हा डोंगर’ असे वाक्य दिले आहे आणि तेथे उद्गारचिन्ह अपेक्षित आहे. वर्गातल्या बहुतेकांनी तेथे प्रश्नचिन्ह दिले. मी त्यांना चूक कशी म्हणू? त्यांनी चार पानांपूर्वीचा नियम प्रामाणिकपणे पाळला होता. ‘काय पाऊस पडला’ या वाक्याचीही तीच गत झाली. याहून अवघड वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिले: ‘तो कुठे गेला हे कोणालाच माहीत नाही.’ त्यात ‘कुठे’ आहे, पुस्तिकेच्या चौकटीतला ‘कोण’सुद्धा ‘कोणालाच’मध्ये लपलेला आहे, आणि तरीही येथे कोणी कोणाला काही विचारत नाही. उलट, ‘तू येणार?’ या वाक्यात चौकटीतला एकही शब्द नाही आणि प्रश्न मात्र आहे. मी त्या चौकटीवर कागद चिकटवायला लावला आणि त्यावर मुलांकडून एकच ओळ लिहून घेतली: ‘या वाक्याला उत्तर द्यावे लागते का?’

दुसरी गफलत अधिक खोल आहे. चार प्रकार संपल्यावर पुस्तिका होकारार्थी आणि नकारार्थी हे जणू पाचवा आणि सहावा प्रकार असल्याप्रमाणे त्याच रांगेत बसवते, आणि पुढे ‘सहांपैकी योग्य पर्याय निवडा’ असा स्वाध्याय देते. ‘तू काल आला नाहीस का?’ हे वाक्य प्रश्नार्थीही आहे आणि नकारार्थीही आहे. ‘आवाज करू नका’ हे आज्ञार्थीही आहे आणि नकारार्थीही आहे. या दोन वेगवेगळ्या वर्गवाऱ्या आहेत, आणि प्रत्येक वाक्याला दोन्हींकडून तपासता येते. पुस्तिकेच्या उत्तरसूचीत अशा वाक्यांपुढे एकच पर्याय दिला आहे, तोही कधी हा तर कधी तो. हुशार मुलांचा गोंधळ होतो तो अशाच ठिकाणी, कारण त्यांना दोन्ही उत्तरे बरोबर दिसतात आणि त्यांना वाटते की आपलेच काही चुकते आहे. केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यांची नावे मात्र पुस्तिकेने घेतलेली नाहीत, हे योग्यच झाले. या वयात जोडवाक्य लिहिता येणे पुरेसे आहे, त्याचे नाव नंतर कळले तरी चालते.

स्वल्पविरामाच्या भागात संचाची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही ठळकपणे दिसतात. मार्गदर्शिका सांगते की जेथे श्वास घ्यावासा वाटतो तेथे स्वल्पविराम द्यावा. हा सल्ला आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकला आहे आणि वाचन शिकवताना तो थोडाफार उपयोगीही पडतो, परंतु लिहिताना तो फसवा ठरतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वहीत लिहिले होते: ‘माझ्या शेजारच्या घरात राहणारी मुलगी, आज शाळेत आली नाही.’ तो वाक्य मोठ्याने वाचताना ‘मुलगी’पाशी खरोखरच थांबतो, कारण तोपर्यंत त्याला दम लागलेला असतो. त्याने नियम पाळला आणि कर्त्याला क्रियापदापासून तोडले. त्याच वहीत पुढे ‘आई मला भूक लागली’ असे होते, कारण ‘आई’ या दोन अक्षरांनंतर कोणालाही श्वास घ्यावा लागत नाही. प्रत्येक मुलाचा श्वास वेगळा असतो, अस्खलित वाचणाऱ्याचा लांब आणि अडखळत वाचणाऱ्याचा तोकडा. त्यामुळे ज्या मुलांना वाचन जड जाते त्यांच्याच वहीत हा नियम सर्वांत जास्त चुका पेरतो.

याउलट सोंगट्या. स्वल्पविरामासाठी वेगळ्या १२ लांब पट्ट्या आहेत आणि त्यांतल्या शब्दांमध्ये सोंगटी मावेल एवढे अंतर मुद्दाम सोडले आहे. सर्वांत चांगल्या पट्ट्या त्या, ज्यांत चिन्ह सरकवले की अर्थ बदलतो. ‘नको थांबू’ ही त्यांतली माझी लाडकी. सोंगटी नसताना तिचा अर्थ ‘तू थांबू नकोस’ असा होतो. ‘नको’नंतर स्वल्पविराम ठेवला की ‘नको, थांबू’, म्हणजे आपण थांबू या. मी दोन मुलांना दाराशी उभे केले आणि तिसऱ्याला पट्टी दाखवायला सांगितले. सोंगटी असेल तर त्यांनी जागेवर राहायचे आणि नसेल तर बाहेर पडायचे. चौथ्या-पाचव्या खेपेला पट्टी धरणारा मुलगा सोंगटी बोटाखाली लपवून दोघांना फसवू लागला, तेव्हा मला खात्री पटली की त्याला विषय समजला आहे. ‘सर नवीन आहेत’ आणि ‘सर, नवीन आहेत’ ही जोडीही तशीच. पहिल्यात सरच नवीन आहेत. दुसऱ्यात सरांना कोणीतरी वह्या किंवा पुस्तकांबद्दल सांगत आहे. संबोधनानंतर स्वल्पविराम द्यावा हा नियम मी त्यानंतर पुन्हा सांगितला नाही. मुलेच एकमेकांच्या वह्यांत ‘येथे सर नवीन झाले’ असे लिहू लागली.

एकाच जातीच्या शब्दांच्या रांगेतला स्वल्पविराम मुलांना लवकर जमतो. ‘दप्तर, छत्री, पट्टी आणि खोडरबर’ अशा रांगेत ‘आणि’च्या आधी तो देऊ नये एवढेच दोन-तीनदा सांगावे लागते. त्यावर संचाने १२पैकी पाच पट्ट्या खर्च केल्या आहेत, त्या मला जास्त वाटल्या. मराठीत खरी अडचण येते ती ‘-ऊन’ची साखळी लिहिताना. ‘ती उठून, तोंड धुऊन, दप्तर भरून निघाली’ या वाक्यात मुले ‘भरून’नंतरही स्वल्पविराम देतात, कारण आधीच्या प्रत्येक ‘-ऊन’नंतर त्यांनी तो दिलेला असतो. शेवटची क्रिया मुख्य क्रियापदाला थेट चिकटते आणि तेथे तोडण्याचे कारण नसते, हे हाताने सोंगटी उचलून दाखवता आले असते. परंतु संचात अशी एकही पट्टी नाही. ‘जर’ आणि ‘तर’, ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’, ‘जो’ आणि ‘तो’ या जोड्यांच्या मात्र तीन छान पट्ट्या आहेत. ‘जेव्हा घंटा झाली, तेव्हा सगळे धावले’ यांसारख्या वाक्यात सांधा कोठे आहे हे दुसरा जोडशब्द स्वतःच सांगतो, त्यामुळे मुलांना श्वास मोजत बसावे लागत नाही. ‘पण’ आणि ‘म्हणून’ यांच्या आधीचा स्वल्पविरामही मी याच पट्ट्यांना जोडून घेतला आणि तो त्यांच्या लेखनात सर्वांत आधी उतरला.

कोणाचे बोलणे जसेच्या तसे देताना ‘म्हणाला’नंतर स्वल्पविराम आणि मग अवतरणचिन्ह, हे पुस्तिकेने नीट दाखवले आहे. पण बोलणे ‘की’ने जोडले की तिची वाट चुकते. एका पानावर ‘बाबा म्हणाले, की उद्या सुट्टी आहे’ असे आहे आणि त्यासमोरच्याच पानावर ‘ताई म्हणाली की पाऊस थांबला’ असे. छापील मराठीत दोन्ही पद्धती दिसतात आणि मला दोन्ही मान्य आहेत. मात्र शिकणाऱ्या मुलासमोर एकाच पुस्तिकेत एकच पद्धत असावी. याचा परिणाम असा झाला की काही मुलांनी दोन्हींचा सुवर्णमध्य काढून ‘की’च्या नंतर स्वल्पविराम द्यायला सुरुवात केली, आणि ती सवय मोडायला मला पुस्तिकेपेक्षा जास्त वेळ लागला.

वस्तू म्हणून पाहिले तर पट्ट्या जाड आहेत आणि सात आठवड्यांत एकही दुमडली नाही. त्यांचा पृष्ठभाग मात्र इतका गुळगुळीत आहे की सोंगट्या घसरतात आणि खिडकीच्या उजेडात अक्षरे चमकून दिसेनाशी होतात. सोंगट्यांचे गणितही चुकले आहे: पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह आणि स्वल्पविराम प्रत्येकी १५ दिले आहेत. वाक्याला शेवटचे चिन्ह एकच लागते, परंतु रांगेच्या एकेका वाक्याला दोन-तीन स्वल्पविराम लागतात. चार गट एका वेळी कामाला बसले की स्वल्पविराम संपतात आणि पूर्णविराम डब्यात पडून राहतात. शेवटी मुलांनी पुठ्ठ्याचे कापले. स्वल्पविरामाच्या सोंगटीचे शेपूट इतके आखूड आहे की मागच्या बाकावरून तो पूर्णविरामच वाटतो. पुस्तिकेच्या छपाईतही तीच अडचण आहे, आणि पहिल्यांदा विरामचिन्हांकडे लक्ष देऊ लागलेल्या मुलासाठी ती लहान नाही.

सोबत वाक्यांचे ध्वनिमुद्रणही मिळते. वाचणाऱ्याचा आवाज गोड आहे, पण स्वल्पविरामापाशी तो पूर्णविरामासारखाच खाली उतरतो. स्वल्पविरामाला आवाज अधांतरी राहतो, ऐकणाऱ्याला वाटते की अजून काही यायचे आहे. नेमके तेच येथे ऐकू येत नाही. मी दोन वाक्ये ऐकवून ते बंद केले आणि स्वतः वाचून दाखवले.

मार्गदर्शिकेच्या शेवटच्या पानावर विरामचिन्हांच्या इतिहासावर अर्धे पान आहे, आणि त्याची मी अपेक्षा केली नव्हती. मोडी लिपीत विरामचिन्हे नव्हती, शब्दही सलग लिहिले जात, जुन्या देवनागरी पोथ्यांत फार तर दंड असे. आज आपण वापरतो ती चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणावर मराठीत आली आणि त्यांची घडी बसवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता, एवढे त्यात सांगितले आहे. मी हे मुलांना सांगितले आणि एक सलग, बिनचिन्हांचा उतारा फळ्यावर लिहून दिला. तो वाचताना जी ओढाताण झाली तिच्यातून मुलांना चिन्हांची गरज जेवढी पटली, तेवढी पुस्तिकेतल्या कोणत्याही स्वाध्यायातून पटली नसती. असा उतारा संचातच द्यायला काय हरकत होती?

सात आठवड्यांनंतर मी स्वाध्याय न देता प्रत्येकाला घरातल्या एखाद्या भांडणावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. संबोधनापुढचे स्वल्पविराम बहुतेकांनी दिले होते, ‘पण’च्या आधीचेही. प्रश्नचिन्हे जवळजवळ सर्वांची जागेवर होती. उद्गारचिन्हे मात्र अजून मुक्तहस्ताने पडत आहेत, एकेका वाक्यापुढे तीन-तीन. भांडणाचा विषय दिल्यामुळे त्यात माझाही थोडा दोष आहे.

ज्यांना हा संच घ्यायचा आहे त्यांनी वर्गात वीसपेक्षा जास्त मुले असतील तर स्वल्पविरामांची वेगळी सोय करून ठेवावी आणि पट्ट्यांच्या किनारी पहिल्या तासाआधीच कापाव्यात. घरी एका-दोघांना शिकवणाऱ्या पालकांसाठी सोंगट्या पुरेशा आहेत, आणि त्यांनी पुस्तिका न उघडता निव्वळ पट्ट्यांवर महिना काढला तरी काही बिघडणार नाही. मी यंदा पुस्तिकेतली जोड्या लावण्याची आणि थेट संवाद लिहिण्याची आठ पाने तेवढी ठेवली आहेत. ‘नको थांबू’ची पट्टी मात्र डब्यात परत जातच नाही, ती वर्गाच्या दारावर लावलेली असते, आणि मधल्या सुट्टीत तिच्यावरचा स्वल्पविराम कोण काढतो याचा शोध मी आता सोडून दिला आहे.